पोरगी पुढच्या सीटवर का?

"वहिनी, पोट्टीला पुढे काऊन बसवता? मागे एवढी जागा आहे ना!" पेट्रोलपंपावर, नात्यातल्या लग्नात, काटोलच्या बाजारात, सगळीकडे हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

आमच्या डबल केबिन पिकअपच्या मागच्या बाकाला नुसते कमरेचे पट्टे आहेत. खांद्यावरून येणारा पट्टा फक्त पुढे. एअरबॅग एकही नाही, आणि म्हणूनच पुढे बसवते. धडकेत एअरबॅग जोरात फुगून लेकरावर आदळू शकते, ती असती तर तिच्या समोर लेकराची सीट ठेवलीच नसती.

मीही आधी लेकराची सीट मागेच लावली होती. गेल्या वर्षी आंबिया बहराची संत्री उतरवायला बागेत निघालो. पोरगी अडीच वर्षांची. सीटवर गुडघा रोवून मी कमरेचा पट्टा करकचून ओढला होता. फेटरीच्या पुढे रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली. धडक नाही, काही नाही, मी फक्त ब्रेक दाबला. मागे धप्प झालं. क्षणभर शांतता, मग तिचं रडणं. मागे वळले तर सीट अख्खी पुढे झुकलेली, तिचं तोंड माझ्या सीटच्या पाठीवर आपटलेलं, खालचा ओठ फाटलेला. हातातलं बिस्कीट तिने सोडलं नव्हतं, ते लाल झालं होतं. पट्टा मात्र जसाच्या तसा घट्ट होता. त्याने सीटचा बूड धरून ठेवला, वरचा भाग धरायला काहीच नव्हतं. सीटच्या पुस्तिकेत कमरेच्या पट्ट्याच्या चित्रावर फुली आहे. मी ती रात्री पाहिली, टाके पडल्यावर.

"मांडीवर घ्यायचं ना," असं सासूबाई अजून म्हणतात. 40 च्या वेगातली गाडी आपटून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर 12 किलोचं लेकरू सव्वाशे किलोच्या वर जोराने हातातून सुटतं. कोणती आई धरेल? मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे, पण मला दंडाची भीती नाही, त्या बिस्किटाची आहे.

आता पुढची सीट पार मागे सरकवते, पट्टा ओवते, आणि ओवला तिथेच धरून हलवून पाहते. इंचभर सरकली तरी पुन्हा बांधते.

तरी समोरून धडक बसली तर पुढची जागा वाईटच, हे मलाही कळतं. उगाच वाद घालू नका. मागे खांद्याचा पट्टा बसवायला गॅरेजवाल्याकडे गेले होते. तो म्हणाला, "पत्र्याला नट वेल्ड करून देतो ताई." टिकेल का, विचारलं. "धडक बसल्यावरच समजेल." मी गाडी तशीच परत आणली. दुसरी गाडी घ्या म्हणता, या बहराचे पैसे अजून हातात यायचे आहेत.

परवा पुन्हा बागेत जायचंय. ती पुढेच बसेल.