तुका काय गावला?

वेंगुर्ल्याच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठून विचारतात, "इतकी वर्सां म्हाराजांची सेवा केलंस, तुका काय गावला?" पुण्या-मुंबईचे पाहुणे तेच शुद्ध भाषेत विचारतात, "आनंद लाभला का?" आणि मी मठ का सोडला, हे सगळ्यांनाच त्यातून काढून घ्यायचं असतं.

काही गावलं नाही म्हटलं तर मठाची नाचक्की. गावलं म्हटलं तर उद्या तुम्ही माझ्याच पाया पडणार.

महाराज तैत्तिरीय उपनिषद सांगायचे. त्यात आनंदाची चक्क मोजदाद आहे. तरुण, शिकलेला, धडधाकट माणूस आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याची, हा माणसाचा एक आनंद. तिथून शंभरपटीने चढत गंधर्व, पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती, शेवटी ब्रह्म. महाराजांचे पाय चेपताना विशीतला मी मनात हिशेब मांडायचो, आपण कुठवर आलो! गंधर्वांपासून पुढं प्रत्येक पायरीला ऋषी बजावतो की कामनेचा मार न बसलेल्या श्रोत्रियालाही, म्हणजे वेद शिकलेल्यालाही, हाच आनंद आहे. ते मी तोंडपाठ म्हणायचो आणि पुढची पायरी मोजायचो.

महाराज आषाढात गेले. भंडाऱ्याआधीच मंडळी पडवीत बसली. वीज गेलेली, पागोळ्यांच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं. मला समोर उभं केलं. गोव्याच्या इस्पितळात का नेलं नाहीस? नको म्हणाले, मी म्हटलं. मग हट्ट का नाही धरलास? गादीवर पुढं कोण, हे वेळेत विचारून का नाही घेतलंस? आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे गाबितांच्या, मासेमारी करणाऱ्यांच्या, बायकांना आत कोणी सोडलं? त्यांनी पायांवर डोकं ठेवून रडून देह विटाळला म्हणे. त्या बायका आयुष्यभर उंबऱ्याबाहेर बसून कीर्तन ऐकत आल्या होत्या. मीच सोडलं, म्हणालो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडीन. एक म्हातारे गृहस्थ कानाशी येऊन म्हणाले, "चुकलं म्हण रे, मिटून जाईल." मी म्हटलं नाही. त्याच रात्री पिशवी उचलली.

पुढे कुडाळच्या एका निवृत्त बौद्ध गुरुजींनी ही हकिकत ऐकली आणि हसले. म्हणाले, तुझ्याआधी आनंदाची झाली ही झडती. बुद्धाचा चुलतभाऊ, 25 वर्षं सेवेत. त्याने आधी आठ अटी घातल्या होत्या: उंची चीवर (भिक्षूचं वस्त्र) नको, खास भिक्षा नको, पण माझ्या गैरहजेरीत केलेला उपदेश मला पुन्हा सांगायचा, वगैरे. (मी एकही अट घातली नव्हती. तेव्हा त्याचाच मोठा अभिमान होता.) बुद्ध गेल्यावर राजगृहाच्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या सभेत, त्याला दोष लावले. स्त्रियांना आधी दर्शन दिलंस, त्यांच्या आसवांनी देह भिजला. स्त्रियांना प्रव्रज्या, म्हणजे संघात दीक्षा, मिळावी म्हणून रदबदली केलीस. तथागतांना आणखी राहा म्हणून विनवलं नाहीस. आनंद म्हणाला, मला यात दोष दिसत नाही, पण आपल्यावरच्या श्रद्धेपोटी मान्य करतो.

गुरुजींना वाटलं मला बरं वाटेल. मला राग आला. दोष दिसत नाही तर मान्य कशाला करायचा? मग रात्री वाटलं, शिष्य तो की मी? सकाळी पुन्हा वाटलं, त्याच्या समोर संगीतीचा प्रमुख महाकाश्यप होता, माझ्यासमोर जमिनीच्या सातबाऱ्यावर डोळा ठेवून बसलेली माणसं. यावर गुरुजींशी अजून वाद चालतो.

शिवाय इतक्या सेवेनंतरही आनंद अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाला नव्हता. संगीतीच्या आदल्या रात्री तो पहाटेपर्यंत चंक्रमण करत, ध्यानात येरझाऱ्या घालत राहिला, अखेर आडवा व्हायला गेला आणि डोकं उशीला टेकायच्या आत मुक्त झाला. मीही रोज आडवा होतो. झोप लागते.

महाराजांचे पाय मात्र आठवतात, टाचेच्या भेगांसकट. त्याला तुम्ही आनंद म्हणत असाल तर म्हणा. भंडाऱ्याचं बोलावणं दर वर्षी येतं, मी जात नाही. त्या बायकांना हल्ली आत घेतात, असं ऐकतो.