हस्त संपला, बोळे काढा

परवा जेवून उठलो आणि खिडकीतून ऊन पाहिलं. ऑक्टोबरचं, पांढरं, डोक्यात जाणारं. म्हटलं, आता ताडपत्री काढायला हरकत नाही.

मृग लागला की गाडी झाकायची आणि हस्त संपेपर्यंत उघडायची नाही, हा आमच्या घरातला बाबांचा नियम. हवामान खातं मुंबईतून पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर सांगतं, म्हणजे खात्याचं आणि बाबांचं भांडण फार तर दोन दिवसांचं. पण बाबांचा भरवसा कॅलेंडरवर. तिथे नक्षत्रानक्षत्राला पावसाचं वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, मोर, गाढव. 'पाऊस त्याच्या वाहनावर येऊ दे, आपलं वाहन घरात,' असं म्हणून ते सुतळीची गाठ आवळायचे.

गाडी म्हणजे येझदी मोटरसायकल. तिचा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. आमची मात्र आरटीओतून पाच-पाच वर्षं वाढवून घेत अजून आहे. किक आणि गिअरचा दांडा एकच, सायलेन्सर दोन, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजायचं. रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे. ती चार महिने भिजते, चिखलात लोळते, तिला कोणी काही विचारत नाही. लाड हिचेच. थंड देशांतले लोक म्हणे बर्फ पडायच्या आत मोटरसायकली झाकतात आणि मार्च-एप्रिलला उघडतात. म्हणजे त्यांची झाकायची वेळ झाली की आमची उघडायची.

लालबागच्या चाळीत ती जिन्याखाली असायची. दसऱ्याच्या आधीचा रविवार. वर तिन्ही गॅलऱ्यांच्या कठड्यांवर धुतलेल्या गोधड्या, खाली बनियनवर उकिडवे बसलेले बाबा, पुढ्यात पसरलेला पेपर आणि बिस्किटांच्या डब्यातले पाने. माझं काम प्लग धरायचं. बाबा तो खोलायचे, पॉलिश पेपरने घासायचे, मग हॅक्सॉचं एक मोडकं पातं फटीत सरकवून बघायचे. पातं जरा अडकत गेलं पाहिजे, सैल नको. गेज-बिज आमच्याकडे नव्हतं. मग प्लग टोपीत खोचून इंजिनाला टेकवायचा आणि त्यांनी किक मारायची. निळी ठिणगी दिसली की ओरडायचं, 'आली!' पिवळी दिसली की गप्प बसायचं. एकदा माझं बोट नको तिथे गेलं आणि मी 'आली'पेक्षा बराच मोठा ओरडलो. बाबा म्हणाले, 'म्हणजे करंट चांगला आहे.'

सायलेन्सरांत चिंध्यांचे बोळे असायचे, आत ओल आणि झुरळं जाऊ नयेत म्हणून. एका वर्षी त्यातला एक काढायचा राहिला. अर्धा तास किका मारून झाल्या, मग आम्ही पाच पोरांनी गल्लीच्या टोकापर्यंत धक्का दिला. गाडी भडकली, बाबा वळवून चाळीच्या तोंडाशी आले, आणि बोळा बंदुकीतून सुटावा तसा सुटून काकूंच्या खाली वाळत घातलेल्या गोधडीवर. पाठोपाठ चार महिन्यांचा साठलेला निळा धूर तिन्ही मजल्यांवर. त्या दिवशी बाबांना जे ऐकून घ्यावं लागलं ते ललित लेखात लिहिण्यासारखं नाही. दसऱ्याला गाडीच्या हँडलला झेंडूचा हार चढला तेव्हा काकू नारळाचं खोबरं घ्यायला आल्या, पण बोलल्या नाहीत.

असो. तर परवा ताडपत्री काढली. बाबांचं सगळं ऐकतो, एक सोडून. ते म्हणायचे, टाकी गळ्यापर्यंत भरून ठेव, रिकाम्या टाकीला गंज चढतो. त्यांच्या पेट्रोलला ते ठीक होतं. आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि ओल फार झाली की पाणी तळाशी बसतं. त्यात मुंबईचा जुलै. म्हणून मी टाकी रिकामी करून आत थोडं ऑइल फिरवून ठेवतो. दर वर्षी ते करताना मागून कोणी तरी बघतंय असं वाटतं.

कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढायचं मात्र विसरलो होतो. वाटी खोलली तर तळाशी हिरवट, मधासारखा चिकट थर, आणि जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, बुजलेलं. तांब्याच्या तारेचा एक धागा घालून फुंकलं. तोंडात जी चव आली ती थेट जिन्याखालची.

सहा व्होल्टची बॅटरी आदल्या दिवशीच दुकानात चार्जिंगला दिली होती. पोरगा म्हणाला, 'काका, सहाची अजून मिळते?' चेन रॉकेलने धुवायची, तर रॉकेल कुठून आणायचं? डिझेलवर भागवलं. चाकांत हवा इतकी कमी की गाडी बसल्यासारखी दिसत होती. आणि एअर फिल्टरच्या डब्यात सीटचा फोम नि पेपरचे कपटे कुरतडून केलेलं नीट, गोल, उबदार घरटं. मालक नव्हता. वर जाऊन कॅलेंडर पाहिलं. हस्ताचं वाहन: उंदीर. मी नास्तिक माणूस आहे, पण पंचांग इतकं पत्त्यानिशी बरोबर येईल असं वाटलं नव्हतं.

बोळे काढले. दोन्ही. मोजून. प्लगच्या भोकातून चार थेंब ऑइल सोडून किक हलक्या हाताने पाच-सहादा फिरवली, मग प्लग बसवला. निळी ठिणगी आधीच बघून घेतली होती, 'आली' मनातल्या मनात म्हटलं. पहिल्या दहा किकांत काही नाही. अकरावीला ढेकर. चौदाव्या-पंधराव्याला ती आधी अडखळत, मग सगळी बिल्डिंग दणाणून सोडत सुरू झाली. स्टिल्टखालचा सगळा पार्किंगचा भाग निळा झाला.

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. 'अहो, बंद करा ते! चादरी वाळत घातल्यात मी!'

या बिल्डिंगमध्ये येऊन मला सहा वर्षं झाली. त्या बाई माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

'हो, करतो, करतो,' म्हटलं आणि आणखी मिनिटभर चालू ठेवली.