ज्युलियाचा पाव, माझा ओटीजी आणि वाफेचा बत्ता

वाजला! पाव जाळीवर काढला आणि मिनिटाभरात क्रस्ट, म्हणजे वरचं कडक कवच, तडतडायला लागला. माझा फ्रेंच पाव दर वेळी फिकट आणि फाटका होतो, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. त्यावर ज्यांनी मैदा बदल, यीस्ट बदल असं सुचवलं होतं त्यांना आधीच सांगते, मैदा तोच आहे आणि यीस्टही तेच. सगळं अडलं होतं वाफेपाशी, आणि तोडगा अमेरिकन पाककृती-लेखिका ज्युलिया चाइल्डच्या 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' या पुस्तकातच होता.

कृती अर्थातच १९७० च्या दुसऱ्या खंडातली. १९६१ च्या पहिल्या खंडात फ्रेंच पाव नव्हता. १९६३ पासून बोस्टनच्या टीव्हीवर 'द फ्रेंच शेफ' सुरू झाला, ज्युलिया घरोघरी पोचली, आणि पुढच्या खंडासाठी संपादक ज्युडिथ जोन्स यांनी पावाची मागणी केली. फ्रान्समध्ये हा पाव कोणी घरी भाजत नाही, कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणतात. अमेरिकेत तशी बेकरीच नव्हती. मग ज्युलिया आणि पॉल या जोडप्याने दोन वर्षं आणि २८४ पौंड, म्हणजे जवळजवळ १२९ किलो पीठ या एका कृतीवर घातलं. पॅरिसला जाऊन पावतज्ज्ञ प्राध्यापक रेमों काल्व्हेल यांच्याकडून पीठ सैल ठेवणं, सावकाश फुगवणं आणि वळताना वरची त्वचा ताणून घेणं शिकून आले. मला ही बाई इतकी प्रिय आहे ती यासाठीच. हाताशी फ्रेंच पीठ नाही, भट्टी नाही, हे धरूनच तिने कृती लिहिली. म्हणून ती पुण्यातल्या ४० लिटरच्या ओटीजीलाही, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनलाही, लागू पडते.

आता वाफ. पहिली काही मिनिटं पावाची त्वचा ओली राहिली तरच तो फुलतो, भाजण्याआधी वर मारलेली चीर उघडते आणि वरच्या स्टार्चला चकाकी येते. ओटीजीचा पत्रा पातळ, दाराला फट, वरची कॉइल पावाच्या डोक्यावर. स्प्रे मारायला दार उघडलं की उष्णता जाते. शिवाय काचेवर थेंब पडला तर ती तडकायची भीती. गरम पाण्याचा ट्रे ठेवला तर वाफ येते, पण ऐन वेळी पुरेशी नाही. पाव दर वेळी फिकट आणि कुशीला फाटलेला.

चाइल्ड दांपत्याची युक्ती होती तापवलेली वीट पाण्याच्या तसराळ्यात सोडायची. वीट फुटेल म्हणून मी खलबत्त्याचा लोखंडी बत्ता घेतला, चांगला किलोभराचा. हिशेब असा: किलोभर लोखंड ४०० अंशांना तापलं तर उकळत्या पाण्यातल्या साधारण ६० ग्रॅमची वाफ करतं. ओव्हनच्या तापमानाला ती वाफ १०० लिटरहून जास्त जागा मागते. म्हणजे अख्खा ओटीजी दोनदा भरून वर उरते! स्प्रेच्या चार फवाऱ्यांत जेमतेम चार-पाच ग्रॅम पाणी असतं. थंड पाणी मात्र वापरू नका, बरीच उष्णता ते तापवण्यातच जाते. बत्ता लांब सांडशीने सोडायचा, तोंड बाजूला ठेवून, आणि दार लगेच लावायचं. पहिली दहा मिनिटं पंखा बंद, फक्त खालची कॉइल.

चीर कानासारखी उघडली! ब्लेड जवळजवळ आडवं धरून मारलं होतं, साधं दाढीचं दुधारी ब्लेड. महागड्या हँडलची गरज नाही.

तळाला कुंभारवाड्यातली बिनझिलईची लाल फरशी आहे, ती उत्तम चालली. पॉलनेही आधी अ‍ॅस्बेस्टॉसचा तुकडा घेतला होता आणि धोका कळल्यावर साध्या लाल फरशीवर आला. ऑनलाइन मिळणारे पिझ्झा स्टोन मला पातळ वाटतात आणि किंमत अवाच्या सवा.

वाफ कोंडण्यासाठी झाकणाचं बिडाचं भांडं घ्यायचा बेत आता रद्द. त्याऐवजी जुन्या बाजारातून किराणा दुकानातलं दोन किलोचं लोखंडी वजन आणावं म्हणत होते, पण लिहिता लिहिता आठवलं की त्या वजनांच्या बुडाशी शिसं भरलेलं असतं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे ते अजिबात नको. लोहाराकडून साध्या लोखंडाचा जाड तुकडा कापून आणते. गॅल्व्हनाइज्ड नको, जस्ताचा धूर होतो.

क्रम्ब, म्हणजे पावाचा आतला भाग, अजून घट्ट आहे. ज्युलियाला पीठ २१ अंशांच्या आसपास तीन ते पाच तास फुगायला हवं आहे आणि माझं स्वयंपाकघर ३१ वर. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाची बाटली ठेवून बघणार होते. पण त्यापेक्षा यीस्ट निम्मं करून पीठ रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं तर? रविवारी दोन्ही शेजारी शेजारी करते आणि कापलेल्या पावांचे फोटो टाकते.