बिडाचा तवा: थालीपिठापासून घावनापर्यंत

गणपतीत कुडाळला गेलो होतो, तेव्हा सासूबाईंच्या माळ्यावरचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा मागून पुण्याला आणला. त्याला आता ११ आठवडे झाले. बिडाच्या भांड्यांचा नाद असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून ही नोंद लिहिते आहे. चुकलं तेही सविस्तर लिहिते, कारण सुरुवातीचे तीन आठवडे त्यातच गेले.

तवा ११ इंची आहे, मध्ये जरासा खोलगट, दोन बाजूंना दोन कान. ओतीव बीड. हे मुद्दाम सांगते, कारण दुकानात घडीव पत्र्याचा तवा आणि बिडाचा तवा दोन्ही ‘लोखंडी’ म्हणूनच मिळतात. घडीव तवा पातळ आणि गुळगुळीत असतो, आपटला तर वाकतो. बीड हाताला रवाळ लागतं, चांगलंच जड असतं आणि फरशीवर पडलं तर तुटतं. त्यात कार्बन २ टक्क्यांहून जास्त असतो, बहुधा ३ ते ४ टक्के, त्यामुळे ते ठिसूळ. तापलेल्या बिडावर गार पाण्याची धार सोडली तरी तडा जाऊ शकतो, म्हणून आमच्याकडे तवा निवल्याशिवाय मोरीत जात नाही. भाकरीला मला घडीव तवाच बरा वाटतो. घावन, आंबोळी आणि थालीपीठ मात्र बिडावरच.

तवा सात-आठ वर्षं माळ्यावर पडून होता. वरच्या बाजूला गंज, खाली चुलीच्या काजळीचं कीट. वजन केलं तेव्हा २ किलो ६४० ग्रॅम भरलं. विटेचा तुकडा, वाळू आणि नारळाची शेंडी घेऊन दोन संध्याकाळी घासला. मग पाणी आणि व्हिनेगर निम्मं निम्मं करून त्यात अर्धा तास ठेवला. याहून जास्त वेळ ठेवू नका, गंज संपला की व्हिनेगर बीडच खायला लागतं. धुऊन पुसला आणि कोरडं फडकं आणायला वळले, तेवढ्यात त्यावर केशरी झाक आली. उघडं लोखंड इतक्या पटकन गंजतं. तेव्हापासून पुसला की तवा थेट गॅसवर, हा नियम. घासून झाल्यावर वजन २ किलो ५५० ग्रॅम. ९० ग्रॅम नुसतं कीट आणि गंज निघाला होता.

आता चूक. उघड्या बिडावर तेल तापवून त्याचा थर बसवावा लागतो, आणि जवसाच्या तेलाचा थर फार कडक बसतो असं वाचलं होतं. म्हणून ओव्हनमध्ये २३० अंशांवर, एकेक तास, असे सहा थर दिले. तवा आरशासारखा काळा झाला. मला इतका आनंद झाला की फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. पंधरा दिवसांनी थालीपीठ उलटलं तर खाली काळे पापुद्रे चिकटलेले. बोटाच्या नखानेही थर सुटत होता. तेल तापल्यावर त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि कडक पटल तयार होतं, तव्याचं काळेपण म्हणजे तेच. जवसाचं पटल कडक होतं खरं, पण ठिसूळही होतं, आणि मी ते एकावर एक चढवलं होतं. सगळं पुन्हा घासून काढलं. दुसऱ्या खेपेला शेंगदाण्याचं तेल घेतलं, पण हात सढळ राहिला. तवा चिकट झाला, डिंक लावल्यासारखा. पुन्हा घासणं.

मग सासूबाईंना फोन केला. त्यांनी ओव्हनचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कांदो चोळलंस काय?”

त्यांची रीत अशी. तवा चांगला तापवायचा. कांदा आडवा अर्धा कापून सुरीच्या टोकाला टोचायचा, तेलात टेकवायचा आणि तव्यावर फिरवायचा. नंतर सुती फडक्याने तेल असं पुसून घ्यायचं की लावलंच नव्हतं असं वाटावं. धूर निघून थांबेपर्यंत तापू द्यायचं. बस्स. पुढचं काम रोजचं रांधणं करतं. शिवाय पहिला महिना घावनाचं नाव काढायचं नाही, आधी तव्याला तेल प्यायला लावणारे पदार्थ करायचे.

म्हणून चौथ्या आठवड्यापासून थालीपीठ, एक दिवसाआड. भाजणी घरची: ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, थोडे गहू, धणे-जिरे, सगळं वेगवेगळं भाजून दळलेलं. कांदा बारीक चिरून, तिखट, हळद, ओवा, कोथिंबीर घालून कोमट पाण्यात मळायची. ओल्या फडक्यावर थापायचं, पाच भोकं पाडायची, तव्यावर उलटं टाकून फडकं हलकेच सोडवायचं. प्रत्येक भोकात तेलाचे दोन-तीन थेंब, कडेने थोडं, आणि झाकण. मंद आचेवर चार-पाच मिनिटं. आधी चुरचुर मोठी असते, ओल गेली की आवाज बारीक होत जातो. तो बारीक झाला की उलथणं घालायचं. ही खूण मला सहाव्या आठवड्यात कळली. त्याआधी मी घाईने उचलत होते आणि मधला भाग तव्यावरच राहत होता. खरपूस झालेलं थालीपीठ आपणहून सुटतं, ओढावं लागत नाही. त्यावर लोण्याचा गोळा, आणि दुसरं काही करायची गरज नाही.

याच काळात लहान बिडाची कढईही वापरायला काढली, पिठल्यासाठी. पिठलं त्यात झकास होतं, आणि तळाची खरवड तर आमच्याकडे भांडून वाटून घेतात. फक्त पिठलं त्यात ठेवून देऊ नका, काळपट पडतं आणि लोखंडाची चव लागते. चिंच, आमसूल, टोमॅटो घातलेलं काही अजून तरी बिडात करत नाही. आंबट पदार्थ मुरलेला थरही खातो.

आठव्या आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली, ती मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. थालीपीठ मध्यभागी करपत होतं आणि कडेला पांढुरकं राहत होतं. दोष तव्याचा नव्हता. बीड उष्णता धरून ठेवतं, पण पसरवतं फार सावकाश, अ‍ॅल्युमिनियमच्या जेमतेम पाव पट. चुलीत ज्वाळ तव्याच्या सगळ्या बुडाला लागते, गॅसची मात्र मधल्या गोल पट्ट्यालाच. आता मोठ्या बर्नरवर, मध्यम आचेवर तवा १० मिनिटं तापवते आणि दर दोन मिनिटांनी कान धरून पाव वळसा फिरवते. मोठ्या आचेवर लवकर तापवून भागत नाही, करून पाहिलं. सासूबाईंचं फोनवरचं वाक्य आहे, “घाई कित्याक करतंस? तवो तापांदे बरो.”

दहाव्या आठवड्यात पहिलं घावन घातलं. जुना तांदूळ रात्री भिजवून सकाळी गंधासारखा वाटला, मीठ घातलं, ताकाइतकं पातळ केलं. तांदूळ खाली बसतो, म्हणून दर घावनाला पीठ तळापासून ढवळायचं. पीठ कडेने ओतत मध्याकडे यायचं, डावाने पसरवायचं नाही. तवा पुरता तापलेला असेल तर पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ पडता पडता जाळी पडते. तापलेला नसेल तर जाळी नाही आणि घावन चिकटतं. त्या दिवशी आठ घातली, तीन सुटली. उरलेल्यांचा चुरा नारळाच्या रसात घालून खाल्ला.

या रविवारी सात घातली. पहिलं गेलं. दुसऱ्याच्या आधी कांदा फिरवला, झाकण ठेवलं, दीड-दोन मिनिटांनी काढलं तर कडा तव्यापासून अलगद उचलल्या गेल्या होत्या. उलथणं खाली सरकवलं आणि घावन पांढरंशुभ्र, जाळीदार, अख्खं हातात आलं. त्यानंतरची पाचही सुटली. सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार होतं, मुलांनी मात्र गूळ-वेलची घातलेला रस संपवला.

डाव्या कानाजवळ अजून दोन बोटं जागा आहे, तिथे पीठ धरतं. तिथला गंज सर्वांत खोल होता. पुढचे काही आठवडे त्या बाजूला थालीपिठाचं तेल थोडं जास्त सोडणार आहे. शिमग्याला कुडाळला जाताना तवा बरोबर नेईन आणि सासूबाईंच्या चुलीवर ठेवेन. तिथे तो कान कसा वागतो ते पाहायचं आहे.