कोण वाचणार, हे खरोखर कळत नाही तेव्हा

शनिवार, रात्री उशिरा

आज संध्याकाळी एक नवा थरारपट पाहिला. बर्फाने वेढलेल्या इमारतीत अडकलेली सात माणसे आणि त्यांच्यातलाच एक मारेकरी, अशी कथा होती. पहिल्या वीस मिनिटांत मी मनाशी दोघांची निवड केली होती आणि शेवटी तेच दोघे जिवंत बाहेर पडले. अंदाज बरोबर आल्याचा आनंद झाला नाही, उलट हातचे काहीतरी हिरावले गेल्यासारखे वाटले, म्हणून झोपण्यापूर्वी लिहायला बसले आहे.

अंदाज बांधायला फारशी हुशारी लागलीच नाही. सातांपैकी एकच चेहरा ओळखीचा होता, आणि पोस्टरवर जिचे नाव सर्वांत मोठे ती अर्ध्यावर मरणार नाही, हे आपण न शिकता शिकलेलो असतो. दुसऱ्या एकाने घरी फोन करून ‘उद्या नक्की येतो’ असे सांगितले, तेव्हाच तो येणार नाही हे कळून चुकले. एका प्रसंगात नायिका कठड्याला एका हाताने लोंबकळत होती. पाणी प्यायला उठताना मी चित्रपट थांबवला, तर पडद्याच्या तळाशी उमटलेल्या रेघेवर अजून ५२ मिनिटे शिल्लक दिसली. परत येऊन बसले तेव्हा तिच्या बोटांची पकड सैल होत होती, पण माझ्या मनातली भीती निघून गेली होती.

आल्फ्रेड हिचकॉकने १९६० साली ‘सायको’मध्ये नेमका हाच हिशेब मोडला होता. जॅनेट ली ही त्या चित्रपटातली सुपरिचित तारका. तिने साकारलेली मॅरियन ४०,००० डॉलर चोरून पळते आणि आपण पाऊण तास तिच्याच डोळ्यांनी जग पाहत राहतो, तोच न्हाणीघरात तिचा खून होतो. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा आग्रह हिचकॉकने चित्रपटगृहांकडे धरला होता, कारण उशिरा आलेला प्रेक्षक शेवटपर्यंत तिचीच वाट पाहत बसला असता. मला मात्र खुनापेक्षा त्यानंतरचा प्रसंग अधिक विलक्षण वाटतो. ती जिथे उतरलेली असते ते मोटेल चालवणारा नॉर्मन तिचे प्रेत, आणि नकळत ते पैसेही, तिच्याच मोटारीत घालून मोटार दलदलीत ढकलतो. ती बुडता बुडता मध्येच थांबते, आणि आपलाच श्वास अडकतो. जिच्यासाठी आतापर्यंत जीव टांगणीला लागला होता ती गेली, आता पुढे कोणाच्या जिवाची काळजी करायची हेच ठरेनासे होते. ‘कोण वाचणार’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने उघडा पडतो तो तिथे.

‘स्क्रीम’ने १९९६ मध्ये ड्रू बॅरीमोरला, म्हणजे पोस्टरवरच्या ठळक चेहऱ्यालाच, अगदी सुरुवातीच्या प्रसंगात मारले आणि तोही धक्का चांगलाच बसला. पण धक्का वेगळा आणि अनिश्चितता वेगळी, असे मला मनापासून वाटते. ओळखीचा चेहरा लवकर मारण्याची युक्ती दोन-चारदा पाहिली की प्रेक्षक तीही हिशेबात धरू लागतो.

निकाल आधीच ठाऊक असूनही हृदयाची धडधड वाढते, हेही खरेच. ‘द डे ऑफ द जॅकल’ हा चित्रपट १९७३ साली आला, तेव्हा त्यात ज्यांच्या हत्येचा कट रचला जातो ते फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल प्रत्यक्षात कोणाच्या गोळीने मेले नाहीत हे सर्वांना माहीत होते, तरी मारेकऱ्याची ती शांत, काटेकोर तयारी पाहताना जागचे हलवत नाही. तिथे उत्कंठा ‘कसे’ या प्रश्नाची असते. मला ती आवडते, पण ‘कोण’ या प्रश्नाची भूक तिने भागत नाही.

ती भूक भागवली क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९५३ सालच्या ‘द वेजेस ऑफ फिअर’ने. तेलविहिरीला लागलेली आग विझवण्यासाठी चार माणसे दोन ट्रकांतून नायट्रोग्लिसरीन घेऊन निघतात. एक जोराचा हादरा बसला तरी सारे संपणार. निघण्यापूर्वी त्यांच्या कंटाळवाण्या, कफल्लक दिवसांना दिग्दर्शक इतका वेळ देतो की काही जणांना ते रेंगाळणे वाटते. माझ्या मते चित्रपटाचा सारा जीव त्या रेंगाळण्यात आहे, कारण त्यातून चौघेही आपल्याला सारखेच खरे वाटू लागतात आणि कोणाच्याही कपाळावर मरणाची खूण आधीपासून दिसत नाही. वाटेतला प्रचंड खडक चौघांपैकी बिंबा त्याच स्फोटकाने, थेंब थेंब मोजल्यासारखा हात स्थिर ठेवून उडवतो, तेव्हा हा माणूस तरणार असे वाटते. पुढे मागच्या ट्रकमध्ये ‘जो’ नावाचा त्यांचा साथीदार सिगारेट वळत असतो. एकाएकी हवेचा झोत येतो आणि कागदावरची तंबाखू उडून जाते, मग प्रकाश दिसतो. पुढचा ट्रक, बिंबा आणि त्याच्यासोबतचा लुईजी, काहीच उरलेले नसते. त्यांचे मरण आपल्याला दाखवलेलेच नाही. त्यांनी शेवटी काय चूक केली हेही सांगितलेले नाही.

आजच्या चित्रपटात मरणाऱ्या प्रत्येकाला निरोपाचे एक वाक्य आणि संगीताचा एक तुकडा मिळाला होता. सातपैकी पाच जण असे गेले आणि आता, दोन तासांनंतर, त्यांच्यातल्या दोघांचे चेहरेही मला आठवत नाहीत. बिंबाचा तो स्थिर हात आठवतो. तो चित्रपट मी तीनदा पाहिला आहे, काय घडणार ते पूर्ण ठाऊक आहे, तरी ‘जो’ने सिगारेटचा कागद हातात घेतला की त्या क्षणी मी अजूनही पुढच्या वळणाकडे पाहू लागते.