टाकीच्या भिंतीवरचे सिनेमे

गौरी गेल्या त्या रात्री आरती झाली, प्रसाद वाटून झाला की आम्ही दहा-बाराजण चटया, फरसाण आणि चहाचा थर्मास घेऊन गच्चीवर जातो. डोंबिवली पूर्वेची आमची जुनी सोसायटी, चार मजले, लिफ्ट नाही, गच्चीवर पाण्याची टाकी, आणि त्या टाकीची एक बाजू आम्ही २००९ साली चुना मारून पांढरी केली, तोच आमचा पडदा. वर ताडपत्री, कारण भाद्रपदातला पाऊस कधी येईल सांगता येत नाही. त्या भिंतीवर दरवर्षी एक सायन्स फिक्शन सिनेमा, अट एवढीच की आणणारा सोडून तो कोणीच बघितलेला नसावा.

ही सगळी कल्पना चौथ्या मजल्यावरच्या काकांची. काका रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते आणि विज्ञानकथा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, ही हकीकत काका दरवर्षी सांगतात आणि आम्ही दरवर्षी ऐकतो. त्यातूनच त्यांनी आमचा नियम काढला. सिनेमा सुरू व्हायच्या आधी डायरेक्टर कोण, बक्षीस कुठलं, काही सांगायचं नाही, गोष्ट तर अजिबात नाही. फक्त एकच सांगायचं, गच्चीवरच्या कोणासाठी आणलाय ते. बाकी सगळं नंतर चहाबरोबर.

पहिल्या वर्षी काकांनी 'द मॅन फ्रॉम अर्थ' आणला, २००७ चा, आणि म्हणाले हा बी विंगच्या बाईंसाठी. बाई शाळेत इतिहास शिकवायच्या, त्यांना सायन्स फिक्शन म्हणजे रॉकेट आणि राक्षस एवढंच माहीत होतं. आणि या सिनेमात तर काहीच नाही हो, एक घर, एक शेकोटी, नोकरी सोडून निघालेला प्रोफेसर आणि त्याला निरोप द्यायला आलेले सहकारी, तो सहज म्हणतो की मी चौदा हजार वर्षं जिवंत आहे आणि मग सगळा सिनेमाभर नुसतं बोलणं. आमच्यातली दोन पोरं अर्ध्यातून खाली जाऊन आली. बाई मात्र चटईवरून उठल्या नाहीत, आणि संपल्यावर त्यांनी काकांना असे प्रश्न विचारले की जणू तो प्रोफेसर काकाच आहेत. त्याच्याकडे पुरावा काहीच नाही, मग इतिहासाचा पुरावा म्हणजे तरी काय, यावर पहाटे दूधवाल्याची सायकल वाजेपर्यंत चालू होतं. ही पटकथा जेरोम बिक्सबीने १९९८ मध्ये अगदी मरणाच्या दारात असताना पुरी केली, हे काकांनी शेवटी सांगितलं तेव्हा बाई थोडा वेळ गप्प बसल्या. ज्यांना स्पेसशिप आवडत नाहीत अशा माणसाला या जगात आणायचं असेल तर मी आजही पहिल्यांदा हाच सांगते.

एका वर्षी पाऊस असा लागला की ताडपत्रीत पाण्याचे फुगे झाले आणि काठीने ढोसून ते खाली सोडावे लागत होते. मोठा सिनेमा शक्यच नव्हता. तेव्हा माझ्या धाकट्या दिराने 'ला जेते' काढला, १९६२ चा फ्रेंच, अठ्ठावीस मिनिटांचा, आणि म्हणाला हा फोटोवाल्या दादासाठी. दादाचा स्टेशनजवळ स्टुडिओ, आयुष्य लग्नाच्या अल्बममध्ये गेलेलं. हा सिनेमा म्हणजे नुसते ब्लॅक अँड व्हाइट फोटो, एकामागून एक, वर निवेदन. तिसऱ्या महायुद्धानंतर जमिनीखाली राहणारी माणसं, आणि लहानपणी पाहिलेल्या एका चेहऱ्याच्या आठवणीला धरून भूतकाळात पाठवला जाणारा एक कैदी. सगळे फोटो स्थिर. आणि मधेच एका ठिकाणी, अगदी काही सेकंद, झोपलेली ती बाई डोळे उघडते. खरोखर उघडते, म्हणजे चित्र हलतं! दादाच्या तोंडून 'आई गं' निघालं, पाऊस एवढा वाजत होता तरी सगळ्यांना ऐकू आलं. त्याने ते तेवढंच परत लावायला लावलं, तीन वेळा. '१२ मंकीज' हा ब्रूस विलिसचा १९९५ चा सिनेमा यावरूनच निघाला, तो बऱ्याच जणांनी बघितलाय, पण मूळ बघितलेले फार कमी भेटतात.

'प्रायमर' कोणासाठी आणावा हा प्रश्न सोपा होता, ए विंगच्या दोन इंजिनिअर पोरांसाठी. शेन कॅरुथने साधारण सात हजार डॉलरमध्ये केलेला, लिहिला त्याने, दिग्दर्शन त्याचं, मुख्य भूमिका त्याची, संगीतसुद्धा त्याचंच, आणि २००४ ला सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला ज्युरीचं मोठं बक्षीस. गॅरेजमध्ये काहीतरी वेगळंच बनवताना दोन मित्रांना कालप्रवासाचं यंत्र सापडतं. बाकीच्यांना अर्ध्यानंतर काही कळेना, पण त्या दोघांनी रांगोळीचा खडू आणून गच्चीच्या फरशीवर कोण कधी त्या यंत्राच्या पेटीत शिरला आणि कधी बाहेर आला त्याचा तक्ता काढायला घेतला, टाकीपासून कठड्यापर्यंत गेला तो. सकाळी पावसाने धुऊन नेला पण तोपर्यंत त्यांचं भांडण मिटलं नव्हतंच. हा सिनेमा एकट्याने बघू नका असं माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे, सोबत वाद घालणारं कोणीतरी पाहिजे.

आणि 'कोहिरन्स' बघाच, २०१३ चा. आठ मित्र जेवायला जमलेत, आकाशातून धूमकेतू चाललाय, लाइट जातात, आणि गल्लीत फक्त एकाच घरात उजेड दिसतो. डायरेक्टरने स्वतःच्याच घरात पाच रात्रींत शूट केला, नटांना पूर्ण स्क्रिप्ट दिलीच नाही, रोज ज्याची त्याला चिठ्ठी. आमच्या चारही विंग सारख्या, जिने सारखे, दारं एकाच रंगाची. त्या रात्री खाली उतरताना प्रत्येकाने दारावरची पाटी वाचून मग कुलूप उघडलं, मीपण.

मराठीतला म्हणाल तर सुजय डहाकेचा 'फुंतरू', २०१६ चा, कॉलेजातली होलोग्राम मुलगी. तो फार लवकर थिएटरातून गेला याचं मला वाईट वाटतं. आणि हिंदीत आरती कडवचा 'कार्गो', यानाचं नाव पुष्पक, त्यात प्रहस्त नावाचा राक्षस बसलाय आणि मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करून पाठवणं ही त्याची रोजची ड्यूटी. कोविडच्या वर्षी गच्ची बंद होती म्हणून तो आम्ही आपापल्या घरी बघितला आणि फोनवर बोललो. त्या वर्षी सगळ्यांच्याच घरी, ओळखीत, कोणी ना कोणी गेलं होतं. फार बोलणं झालं नाही, पण फोनही कोणी लवकर ठेवला नाही.

एका वर्षी मात्र आम्ही नियम मोडून सिरीयल लावली, रोज रात्री एक भाग. काकांसाठी पोरांनी शोधलेली 'सॅफायर अँड स्टील', ब्रिटिश, १९७९ ते ८२. त्यातली दुसरी कथा आठ भागांची आणि सगळी एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात घडते, लढाईत मेलेल्या सैनिकांच्या सावल्या फलाटावर येतात, सेट थोडकेच, बाकी अंधार आणि आवाज. काकांनी आठही रात्री खुर्ची अगदी पुढे घेतली. रात्रपाळीला स्टेशनात एकटं असलं की असंच वाटायचं रे, म्हणाले, आणि मग त्यांनी नोकरीतल्या गोष्टी सांगितल्या ज्या आम्ही इतक्या वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

पण सगळ्यात लक्षात राहिलेली रात्र काकूंची. गच्चीवर कठड्याला लागून काकूंच्या कुंड्या आहेत, तुळस, गुलाब, कढीपत्ता, एक लिंबू. काकू दरवर्षी चहा पाठवायच्या पण सिनेमाला बसायच्या नाहीत, इंग्रजी भराभर बोलतात म्हणून. काका म्हणाले, आज मी तुझ्यासाठी आणलाय, बस. 'सायलेंट रनिंग', १९७२. पृथ्वीवर झाड उरलेलं नाही, शेवटची जंगलं मोठमोठ्या काचेच्या घुमटांत घालून शनीजवळ यानांवर ठेवलीत, आणि एक दिवस हुकूम येतो की घुमट उडवून द्या, यानं परत आणा. तिथे एक माळी आहे, तो ऐकत नाही. त्याच्याबरोबर तीन बुटके रोबो, त्यांना तो झाडाला पाणी घालायला शिकवतो. त्या रोबोंच्या आत दोन्ही पाय नसलेले कलाकार होते, हातांवर चालायचे, म्हणून ती चाल इतकी जिवंत वाटते. काका एकेक वाक्य हळू आवाजात मराठीत सांगत होते आणि काकू नुसत्या पडद्याकडे बघत होत्या. शेवट सांगत नाही, नियम आहे. पण त्यात एक जुनी पोचे पडलेली झारी आहे. सिनेमा संपला, लाइट लावला, तर काकू उठून आपल्या कुंड्यांपाशी गेलेल्या आणि रात्री दीड वाजता, पाऊस पडून गेलेला असताना, तुळशीची माती बोटाने चाचपत होत्या. काकांनी डायरेक्टरचं नाव, तो आधी '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमाच्या इफेक्ट्सवर होता वगैरे, त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. आम्हीपण विचारलं नाही.

आता काकूंचे गुडघे गेलेत, चौथ्या मजल्यावरून खाली येतात त्याच मुश्किलीने, गच्चीचा वरचा उभा जिना तर डॉक्टरांनी बंदच केलाय. म्हणून मागच्या वर्षी आम्ही त्यांच्याच हॉलमध्ये, देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावला, पडद्याला चादर. दाटीवाटी झाली, पण झाली.

यंदा पाळी माझी आहे. मी 'इकारिए एक्सबी-वन' ठरवलाय, १९६३ चा, चेकोस्लोव्हाकियाचा. अमेरिकेत तो डब करून दाखवताना शेवटच बदलून टाकला होता, तो नाही, मूळ चेकच आणणार. चाळीस माणसं अल्फा सेंटॉरी ताऱ्याकडे निघालीत, यान इतकं वेगात की त्यावर दोन-अडीच वर्षं जाणार आणि तेवढ्यात पृथ्वीवर पंधरा, यानात पियानो आहे, नाच आहे, वाढदिवस आहे, आणि तिथेच एका बाईला दिवस गेलेत. काकूंची नात सध्या माहेरपणाला आलीये, सातवा चालू आहे. दोघींसाठी आणलाय असं सांगेन. सबटायटल काका वाचतील, मी त्यांना चष्मा आधीच पुसून ठेवायला सांगितलंय.