पिशवीतली टेप

घरं विकणाऱ्या माणसाची पिशवी पूर्वी लांबून ओळखू यायची. आत चाव्यांचा जुडगा, प्रत्येक चावीला दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर बॉलपेननं ‘बी विंग, दुसरा मजला, ओढून उघडणे’ असली टीप. रबरबँड लावलेली जाडजूड डायरी. घडीवर फाटलेले दोन-चार नकाशे, आणि एखादी छत्री. टेप मात्र सहसा नसायची. सुताराकडे असते, शिंप्याकडे असते. पण चौरस फुटावर ज्याचं पोट, त्याच्याकडे नाही!

यात विसरभोळेपणा नव्हता. जे विकलं जायचं, ते टेपेनं मोजताच येत नव्हतं. ‘सुपर बिल्टअप’ कुठून धरायचं आणि कुठे सोडायचं? त्यात आतली जागा आली, भिंती आल्या, बाल्कनी आली, जिन्याचा हिस्सा, लिफ्टचा हिस्सा, लॉबी, क्लबहाऊस, आणि कुठे कुठे वॉचमनची केबिनसुद्धा. एक हजार फुटांचा फ्लॅट म्हटलं की त्यातले साडेतीनशे फूट इमारतीभर विखुरलेले. ‘लोडिंग किती?’, म्हणजे आतल्या जागेवर बाहेरची किती चढवली, हा प्रश्न जाणते लोक विचारत. उत्तर येई, ‘चाळीस टक्के.’ पण ते चाळीस कशावर? चटईच्या, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेच्या, ७००वर चाळीस टक्के चढवले तर ९८० होतात आणि सुपरच्या हजारातून चाळीस टक्के उतरवले तर ६०० उरतात. एकाच शब्दात शंभर फुटांची खोली दडलेली असायची. चटईक्षेत्र सांगा, हे महाराष्ट्रातल्या फ्लॅट कायद्यातही आलेलं होतं. व्यवहारात मात्र तो आकडा करारनाम्याच्या आतल्या पानावर निमूट बसून असे.

मग २०१६चा रेरा, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीवर नियमन आणणारा कायदा आला आणि १ मे २०१७पासून त्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाचं, महारेराचं काम सुरू झालं. भाव चटईवर बोलायचा ठरला. ज्या फ्लॅटचा भाव काल आठ हजार रुपये फूट होता, तो आज बारा हजार तीनशे झाला. घर तेच, किंमत तीच ८० लाख. फक्त भागाकारात खाली १०००च्या जागी ६५० आले. गणित चौथीतलं, पण तोंडाला त्याची सवय व्हायला बरेच महिने गेले. ‘बारा हजार तीनशे’ म्हणताना जुन्या एजंटचा आवाज आपोआप खाली जायचा आणि समोरचे काका खुर्चीत मागे रेलायचे. ज्यांना लवकर जमलं त्यांनी फक्त क्रम बदलला: आधी एकूण रक्कम, मग चटई, भाव सगळ्यात शेवटी आणि तोही विचारला तर. ज्यांनी एका वाक्यात सुपरचा भाव आणि चटईचं क्षेत्रफळ मिसळलं, त्यांच्या बैठका तिथेच मोडल्या. अजूनही पन्नाशीपुढचं गिऱ्हाईक ‘ते ठीक आहे हो, पण सुपर किती बसतो?’ असं विचारतंच. त्याला हसू नये. त्याच्या डोक्यातलं जुनं घर त्याच मापात आहे.

तर अशी ही टेप पिशवीत आली. पाच मीटरची, पोलादी, दीड-दोनशे रुपयांची. हिच्या टोकाचा हूक थोडा हलतो. टेप बिघडली म्हणून तो हातोडीनं ठोकून घट्ट करणारे महाभाग आहेत. हूक जितका जाड, तेवढाच तो मागेपुढे सरकायला ठेवलेला असतो. कडेला अडकवून ओढला तर बाहेर येतो, भिंतीला टेकवून दाबला तर आत जातो, आणि दोन्ही वेळा शून्य बरोबर जागी राहतं. भिंत ते भिंत मोजताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाजानं वाचायची नाही. डबी समोरच्या भिंतीला टेकवायची आणि डबीची लांबी त्यात मिळवायची. बऱ्याच डब्यांवर ती छापलेलीच असते. माप स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या पट्टीच्या वर घ्यायचं, कारण स्कर्टिंग भिंतीपुढे आलेलं असतं. खोलीचे दोन्ही कर्ण मोजले की ती काटकोनात आहे की नाही तेही कळतं. आणि तिरकी निघाली तर लांबी-रुंदी दोन ठिकाणी घेऊन सरासरी धरायची. लेसर मीटर वेगवान खरा, पण तो मागच्या कडेपासून मोजतोय की पुढच्या, ही सेटिंग बघितली नाही तर प्रत्येक मापात अख्ख्या यंत्राच्या लांबीची चूक होते. आणि भर उन्हातल्या बाल्कनीत त्याचा लाल ठिपका सापडत नाही तो नाहीच.

सगळ्यात महाग चूक मात्र वहीत होते. दहा फूट सहा इंच म्हणून लोक १०.६ लिहितात. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, तेव्हा तिथे १०.५ हवेत. बारा फूट नऊ इंच हे १२.९ नव्हे, १२.७५. अशा १०.५ बाय १२.७५च्या खोलीचं क्षेत्रफळ खरं १३३.९ चौरस फूट. चुकीच्या लिखाणानं १३६.७ होतं. जवळपास तीन फूट हवेतले. बारा हजार तीनशेच्या भावानं पस्तीस हजार रुपये, एका खोलीत, एका टिंबापायी. करारनामा चौरस मीटरमध्ये असतो, तिथे १०.७६४नं गुणायचं, ५१.१० चौ. मी. म्हणजे ५५० चौ. फूट. ‘साधारण दहानं गुणा’ म्हणणाऱ्यानं इथे एकोणचाळीस फूट गिळले.

एवढं नीट मोजूनही बेरीज कमीच भरते, आणि नवखा एजंट नेमका इथे गडबडतो. रेराच्या चटईक्षेत्रात बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. पण फ्लॅटच्या आतल्या भिंती धरतात. खोल्या एकेक करून मोजल्या की या भिंतींखालची जागा सुटते. टू बीएचकेत आतल्या भिंती मिळून चाळीस फूट लांब आणि प्लास्टरसकट पाच इंच जाड असल्या, तर साडेसोळा-सतरा चौरस फूट तिथेच गेले. नमुना करारनाम्यात क्षेत्रफळातल्या फरकाला तीन टक्क्यांची मर्यादा आहे, तीही ५५०ला साडेसोळाच येते. या दोन साडेसोळांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि ते वेगळे करून सांगता येणं हे आज या धंद्यातलं एक कसब आहे. पहिला फरक व्याख्येचा, त्याचे पैसे मागता येत नाहीत. दुसरा बांधकामाचा, आणि क्षेत्रफळ त्या मर्यादेपेक्षा कमी भरलं तर जादा घेतलेली रक्कम बिल्डरनं परत करायची असते.

डायरीचं काय झालं? डायरी हेच खरं भांडवल होतं. कोणाचा फ्लॅट रिकामा आहे, कोणाच्या मुलाला अमेरिकेला जायचंय, कोण भाऊ वाटणीवरून भांडतायत, हे त्या रबरबँडच्या आत असे, म्हणून एजंट डायरी टेबलावर कधी उघडी ठेवत नसे. आता तीच माहिती गिऱ्हाईक रात्री गादीवर पडून चार पोर्टलांवर बघतं. सकाळी भेटायला येतं तेव्हा त्याला गल्लीतले सगळे भाव पाठ असतात. फक्त त्यातले निम्मे फ्लॅट विकले गेलेत, एकाच फ्लॅटच्या सहा जाहिराती आहेत आणि फोटो शेजारच्या विंगेतले आहेत, हे त्याला माहीत नसतं. तेव्हा काय आहे हे सांगण्याचे दिवस गेले. काय नाही हे सांगण्याचे आलेत.

त्यासाठी कागद वाचता यावे लागतात. महारेराच्या नोंदणीत प्रकल्पाचा क्रमांक पी अक्षरानं सुरू होतो, एजंटचा ए अक्षरानं. ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन करून पान उघडलं की बहुतेक जण इमारतीचं चित्र बघून थांबतात. बघायचं असतं ते पुढे: ताब्याची मूळ तारीख आणि सुधारित तारीख, मुदतवाढ कितीदा घेतली, तिमाही अहवाल वेळेवर भरलेत का, किती फ्लॅट विकले गेले, जमिनीवर बोजा आहे का, खटले कोणते. पुनर्विक्रीचा फ्लॅट असेल तर इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ना हरकत, बँकेचं कर्ज फिटलं की नाही, आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. या शेवटच्या कागदाशी कित्येक व्यवहार अडतात. वीज आहे, पाणी आहे, दहा वर्षं लोक राहतायत, म्हणून ओसी असणारच, असं गृहीत धरणारा एजंट टोकन परत करायच्या भानगडीत सापडतो.

एजंटलाही आता परीक्षा आहे. मे २०२३मध्ये पहिली झाली. आधी प्रशिक्षण, मग संगणकावर पर्याय निवडायचे. तीस वर्षं धंदा केलेली माणसं हॉलतिकीट आणि ओळखपत्र घेऊन मुलाच्या वयाच्या पोरांच्या रांगेत उभी राहिली. वैयक्तिक नोंदणीला दहा हजार रुपये, मुदत पाच वर्षं. कित्येकांनी त्या दिवशी पहिल्यांदा कायदा सलग वाचला असेल, आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे वाचून जुन्या टोकनांच्या आठवणीनं थोडा घाम पुसला असेल.

खर्चाचा कागदही पूर्वी ‘वरचे बघून घेऊ’ या तीन शब्दांत मावायचा. आता तो पहिल्या भेटीत लिहून द्यावा. पुण्यात बांधकाम चालू असलेल्या ८० लाखांच्या फ्लॅटला मेट्रोच्या अधिभारासकट सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी ३० हजार. जीएसटी पाच टक्क्यांनी ४ लाख. झाले ८९ लाख ९० हजार, वकील आणि देखभालीची आगाऊ रक्कम वेगळी. शेजारी ओसी मिळालेला तयार फ्लॅट ८३ लाखांना असेल तर तो महाग नाही. तिथे जीएसटी लागतच नाही. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, पण नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की ती गेली. पन्नास लाखांच्या व्यवहारापासून पुढे एक टक्का टीडीएस खरेदीदारानं कापून भरायचा. विकणारा परदेशी राहत असेल तर मात्र हा एक टक्का चालत नाही, दर बराच चढा असतो. ‘नेहमीसारखं भरून टाका’ म्हणणाऱ्या एजंटमुळे गिऱ्हाइकाला दोन वर्षांनी नोटीस येते, तेव्हा ब्रोकरेज केव्हाच खर्चून झालेलं असतं.

ब्रोकरेजची वाटही बदलली. नव्या प्रकल्पात एजंटला आता ‘सीपी’, म्हणजे चॅनेल पार्टनर म्हणतात, आणि गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर ज्यानं आधी नोंदवला, गिऱ्हाईक त्याचं. ही नोंद ठरावीक दिवस टिकते, तीस, पंचेचाळीस, साठ, जो तो प्रकल्प आपलं ठरवतो. बिघडतं ते असं: नोंद नवऱ्याच्या नंबरवर, साईटवरच्या रजिस्टरात बायकोचा नंबर. म्हणून दोन्ही नंबर साईटवर जायच्या आधी नोंदवायचे, परवानगी लेखी मेसेजनं घ्यायची आणि पोचीचा स्क्रीनशॉट ठेवायचा. मुदत संपायच्या आदल्या दिवसाचा गजर लावणारे एजंट उगीच श्रीमंत होत नाहीत.

दुबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला व्हिडिओवर घर दाखवणं ही नवी विद्या. फोनची रुंद लेन्स लावली की दहा बाय दहाची खोली लग्नाच्या हॉलएवढी दिसते. गिऱ्हाईक खूश होतं आणि डिसेंबरात प्रत्यक्ष दारात उभं राहिलं की गप्प होतं. साध्या लेन्सनं, छातीच्या उंचीवर फोन धरून, दारातून आत एकदाच सावकाश चालत जावं. ऊन सकाळी आठला कुठे असतं आणि दुपारी चारला कुठे, हे दोन तुकडे वेगळे घ्यावेत. खिडकी उघडून दहा सेकंद काही न बोलता थांबावं. रस्त्याचा आवाज त्यांनाही कळू द्यावा. आणि भिंतीला टेप लावून आकडा चित्रात दिसू द्यावा. त्या एका आकड्यानं पुढचे वीस प्रश्न वाचतात.

नमुना फ्लॅटमध्ये तर टेप काढावीच. तिथे खोल्यांना दारं नसतात, कारण उघडणारं दार जागा खातं. भिंतभर आरसे असतात. आणि पलंग मोजून बघावा, त्याच्यावर उंच माणसाचे पाय बाहेर येतील की काय, हे लगेच कळतं. फ्लॅट विकायला आलेल्या माणसानं स्वतःच तो पलंग मोजून दाखवला तर घरातली मंडळी आधी एकमेकांकडे बघतात आणि मग त्याला काका, दादा काहीतरी म्हणायला लागतात.

सगळे कागद, सगळे आकडे झाले की निघता निघता आजी एक प्रश्न विचारतात, ज्याचं उत्तर कुठल्याच वेबसाईटवर नसतं: ‘आमचं कपाट वर जाईल का?’ म्हणजे ते लोखंडी, कुठल्याही कंपनीचं असलं तरी गोदरेजच म्हटलं जाणारं, लग्नात आलेलं. साडेसहा फूट म्हणजे १९८१ मिलिमीटर. लिफ्टच्या दाराची उंची बऱ्याच ठिकाणी २००० असते. टेप लावायची, हूक वरच्या चौकटीला टेकवायचा आणि वाचायचं. एकोणीस मिलिमीटर शिल्लक. जाईल, उभंच्या उभं जाईल. कपाटाखालचा चार इंचांचा स्टँड तेवढा आधी काढून ठेवा.